शेडमधलं थिनर बोरिंगच्या पाण्यात कसं पोचतं

इंदूरच्या चारी बाजूंना सध्या प्लॉट पाडणं चालू आहे. सांवेर रोड तर जुनाच, पण आता देवासकडे जा, उज्जैनकडे जा, पीथमपूरकडे जा, सगळीकडे बोर्ड लागलेत, आणि बोर्डावर हमखास असतं "लाइट इंडस्ट्री". आमच्या ओळखीतल्या दोघातिघांनी असे शेड घेतलेत, आणि भूजलाचा विषय काढला की त्यांचं उत्तर एकच, अहो आपल्याकडे कुठे केमिकल फॅक्टरी आहे, आपलं तर फर्निचरचं काम, फॅब्रिकेशनचं काम, धूर नाही, नाल्यात सोडायला घाण पाणी नाही.

आता हे "लाइट" कशावरून ठरतं ते बघा. आवाज, धूर, वीज किती लागते, ट्रक किती येतात, यावरून. शेडच्या मागे ड्रम किती आहेत आणि त्यांच्यात काय आहे यावरून नाही. फर्निचरवाल्याकडे थिनर आणि पॉलिश, फॅब्रिकेशनवाल्याकडे पेंट आणि कटिंग ऑइल, प्रिंटिंगवाल्याकडे शाई धुवायचं सॉल्व्हंट, गाड्यांच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे काळं ऑइल आणि बॅटरीचं अ‍ॅसिड, जनरेटर तर सगळ्यांकडेच म्हणजे डिझेलही सगळ्यांकडे. एकेकाचं थोडं थोडं. पण ४० शेडचं थोडं थोडं एकाच जमिनीवर पडत असतं, आणि त्या ४०पैकी एक शेड नमकीनवाल्याचा असतो जो त्याच जमिनीतलं पाणी उपसून बेसन मळत असतो (इंदुरात आहोत, नमकीनवाला असणारच). तेव्हा माझं म्हणणं एवढंच की अशा ठिकाणी धोका मोठ्या अपघाताचा कमी, आणि रोज ठिबकणाऱ्या गोष्टींना जमिनीत उतरायला आपणच जे रस्ते करून ठेवतो त्यांचा जास्त. ते रस्ते कुठले, हेच समजून घेऊ.

आधी खाली काय आहे ते. माळव्याचं पठार म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले त्याचं. प्रत्येक थराचा वरचा भाग अनारशासारखा जाळीदार आणि खालचा घट्ट, पण घट्ट भागालासुद्धा उभ्या आडव्या भेगा असतात. पाणी राहतं ते या जाळीत, भेगांत आणि अगदी वर जो कुजलेला दगड म्हणजे मुरूम असतो त्यात. वाळूच्या प्रदेशात पाणी झिरपताना बरंच गाळलं जातं, हळूहळू जातं. आपल्याकडे भेग मिळाली की पाणी सरळ पळतं, गाळणं वगैरे फारसं होत नाही. म्हणूनच आपल्याकडे असं होऊ शकतं की एकाच्या बोरिंगला वास येतो आणि शेजारच्याचं ठीक असतं, कारण दोघांच्या भेगाच वेगळ्या, आणि मग शेजारी म्हणतो तुमचं काहीतरी गडबड आहे, आमचं तर एकदम मस्त!

यावर लोक म्हणतात की वर काळी माती आहे ना, ती चिकट, ती पाणी खाली जाऊच देत नाही. पावसाळ्यात फुगलेली असते तेव्हा हे बऱ्यापैकी खरं आहे. पण मे महिन्यात शेतात जाऊन बघा, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात, त्या वेळी वर सांडलेलं काहीही सरळ मुरुमात. आणि दुसरं, जे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, काळी माती फुगते आणि आकसते म्हणून पाया तडकतो, त्यामुळे शेड बांधताना कॉन्ट्रॅक्टर ती खरवडून काढतो आणि तिच्या जागी मुरूम भरतो. बांधकामाच्या दृष्टीने एकदम बरोबर. पण वरचं जे काही नैसर्गिक झाकण होतं ते गेलं आणि बरोबर ड्रम ठेवायच्या जागेखालीच पाणी सहज उतरेल असा भराव आला.

आता सांडणाऱ्या गोष्टी सगळ्या सारख्या वागत नाहीत. डिझेल, पेट्रोल, थिनर पाण्यापेक्षा हलके, ते खाली जाऊन पाण्याच्या पातळीवर तरंगतात आणि पातळी उन्हाळ्यात खाली गेली की तिच्याबरोबर खाली, पावसाळ्यात वर, असं करत सगळ्या मुरुमाला चोपडत राहतात. निदान वास तरी येतो. प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याचं काम, त्यातलं क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं, जास्त असेल तर पाणी पिवळसर दिसतं, पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि एवढ्यावर डोळ्याला काही दिसत नाही. सगळ्यात वाईट ते क्लोरीनवाले सॉल्व्हंट, धातूच्या पार्टवरचं ग्रीस काढायला वापरतात ते ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई वगैरे. हे पाण्यापेक्षा जड. पाण्याची पातळी लागली तरी थांबत नाही, पाण्यातून खाली बुडत जातं आणि खोल भेगांत जाऊन बसतं, आणि तिथून थोडं थोडं विरघळत वर्षानुवर्षं पाणी बिघडवत राहतं. याचा हिशोब करून बघा. एक लिटर टीसीईचं वजन साधारण १.४६ किलो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर टीसीई पूर्ण विरघळलं तर सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेवर नेऊन ठेवू शकतं, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २९ हजार टँकर. एक लिटर म्हणजे किती, तर पार्ट धुवायच्या ट्रेमधून आठवड्याभरात सहज इकडेतिकडे होतं तेवढं.

म्हणून बोरिंगच्या पाण्यात टीडीएसचं पेन बुडवून "३०० आलाय, पाणी फर्स्ट क्लास" म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, म्हणजे क्षार मोजतं. टीसीई, थिनर, डिझेल यांच्यातून वीज वाहतच नाही, पेनला ते दिसणारच नाहीत. आणि शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्याच्या मानकात बसत नाही, ३०० च्या आकड्यात ०.०१ कुठे शोधणार तुम्ही?

आता रस्ते. पहिला रस्ता उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम. नीट बंद केलेला ड्रमसुद्धा गळतो का? गळत नाही, पण तो श्वास घेतो. २०० लिटरचा लोखंडी ड्रम उभा ठेवला की त्याच्या वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं, बूच त्या पाण्याखाली बुडतं. दिवसा उन्हात आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते, रात्री किंवा एकदम सर आली की आतली हवा आकसते आणि वर साचलेलं पाणी आत खेचलं जातं. बूच बोटांनी हलवून बघाल तर घट्टच असेल, तरी हे होतं. असं करत पावसाळाभर ड्रममध्ये पाणी जमा होतं, ऑइलच्या खाली बसतं, तळ आतून गंजतो, आणि पुढच्या वर्षी ड्रम तळातून झिरपायला लागतो तेव्हा कुणाला कळत नाही कारण तो मातीवर ठेवलेला आहे. उपाय काय, तर छपराखाली ठेवा, आणि छप्पर नसेलच तर ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा, म्हणजे दोन्ही बुचं आतल्या मालाच्या पातळीला राहतात आणि वर पाणी साचत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ऑइल स्टोअरमध्ये हे शिकवतात, छोट्या शेडमध्ये सांगायला कुणी नसतं.

ड्रमखाली काय असावं? सिमेंटची फरशी आणि तिला चारी बाजूंनी कड. ही कड किती उंच, तर जगभर चालणारा हिशोब असा की सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण मालाच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं त्या कडेच्या आत मावलं पाहिजे. समजा २०० लिटरचे दहा ड्रम. एका ड्रमचे ११० टक्के म्हणजे २२०, एकूण २००० चे २५ टक्के म्हणजे ५००, तर ५०० धरा. तीन मीटर बाय दोन मीटरची जागा घेतली, त्यातून ड्रमांनी व्यापलेली जागा वजा केली, तर जेमतेम सहा इंचाची कड पुरते. सहा इंच! विटांचे दोन थर आणि प्लास्टर, मिस्त्रीचं एका दिवसाचंही काम नाही. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे फरशीचे सांधे सीलंटने भरा आणि वरून इपॉक्सी मारा, कारण नुसत्या सिमेंटमधून सॉल्व्हंट आरामात जातं, आणि दुसरं म्हणजे त्या कडेला पाणी काढायला भोक ठेवू नका. माणसं ठेवतात. साफसफाईला सोपं पडतं म्हणून ठेवतात आणि मग कड कशासाठी होती तेच विसरतात.

साफसफाईवरून आठवलं. आपल्या शहराला स्वच्छतेचं वेड आहे आणि ते चांगलंच आहे, पण शेडची जमीन पाइप लावून धुणं ही या बाबतीत सगळ्यात वाईट सवय. सांडलेल्या अर्ध्या लिटर ऑइलवर लाकडाचा भुसा टाकला तर ते अर्धा लिटरच राहतं, उचलून पिशवीत भरता येतं. पाइप मारला की त्याचं दोनशे लिटर ऑइलवालं पाणी होतं आणि ते कोपऱ्यातल्या जाळीतून जातं. हो, तो भुसाही मग घातक कचराच, कोपऱ्यात ढीग करून किंवा शेकोटीत घालून चालत नाही. आणि ती जाळी जाते कुठे? विचारून बघा, दहापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, "नालीत जाते" एवढंच. रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीभर पाण्यात कालवा, जाळीत ओता, आणि बाहेर जाऊन बघा कुठून निघतो. रस्त्याकडच्या पावसाच्या नालीत निघाला तर ती पुढे कान्ह नदीत आणि तिथून उज्जैनला क्षिप्रेत जाते हे समजून असा. कुठूनच निघाला नाही तर जास्त काळजी करा, कारण मग बहुतेक ती जाळी मागच्या शोषखड्ड्यात उतरते, म्हणजे सरळ मुरुमात. बेसिनचंही तसंच, ब्रश धुतलेलं थिनर बेसिनमध्ये, बेसिनचं पाणी सेप्टिक टँकमध्ये, सेप्टिकचं शोषखड्ड्यात.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला ती, रिचार्ज पिट. पाऊस जमिनीत मुरवा, बोरिंग रिचार्ज करा, हे इतकी वर्षं कानावर पडलंय की ते वाईट असू शकतं असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि घरासाठी, सोसायटीसाठी, शाळेसाठी ते चांगलंच आहे. पण इंडस्ट्रियल प्लॉटवर काय करतात, तर सगळ्या अंगणाचा उतार एका कोपऱ्यात काढतात, तिथे खड्डा, खड्ड्यात गिट्टी आणि वाळू, आणि मधोमध एक बोर, थेट खालच्या पाण्यापर्यंत. आता त्याच अंगणात ट्रक उभे राहतात, ड्रम उतरवले जातात, जनरेटरमध्ये डिझेल भरलं जातं, अटाला म्हणजे भंगार पडलेलं असतं ज्यात गंजकी मशीन आणि त्यांचं ठिबकणारं ग्रीस. शंभर चौरस मीटर अंगणावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी हजार लिटर पाणी होतं, ते सगळं धुऊन त्या खड्ड्यात. गिट्टी आणि वाळू कचरा अडवते, विरघळलेलं सॉल्व्हंट किंवा क्रोमियम नाही अडवत. जी काही थोडीफार माती आणि मुरूम मधे आली असती तीसुद्धा आपण बोर मारून बाजूला केली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

आणि हे काही माझं डोकं नाही, केंद्राच्या २०२० च्या भूजल नियमांतही आहे की केमिकल, औषधं, पेंट, रंग, कीटकनाशकं, कापड असले भूजल बिघडवू शकणारे उद्योग असतील त्यांनी पावसाचं पाणी जमिनीत न सोडता वरच टाकीत साठवायचं आणि कारखान्यातच वापरायचं. छोट्या मिक्स प्लॉटवर तर मी म्हणेन सगळ्यांनीच तसं करावं. छताचं पाणी तेवढं घ्या, तेही वेगळ्या बंद पाइपने, टाकीत. ५०० चौरस मीटरचं छत आणि वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला, पाचवा भाग वाया गेला समजा, तरी ३ लाख ६० हजार लिटर मिळतात, संडासाला, बागेला, कूलिंगला कितीतरी दिवस पुरतं. अंगणाचं पाणी रिचार्जला मुळीच नको. आधीच पिट बांधून झालंय? मग अंगणाकडून येणारं तोंड बुजवा आणि फक्त छताचा पाइप जोडा, छतावर शेजारच्या स्प्रे पेंटिंगच्या पंख्यातून रंग उडत नसेल तर.

जुनी बोरिंग हा रिचार्ज पिटचाच भाऊ. प्लॉट पूर्वी शेत होतं, शेतात दोन कोरड्या गेलेल्या बोरिंग होत्या, लेआउट पाडताना त्यांवर दगड ठेवला आणि विसरले. आपल्याकडे बोरिंगला केसिंग (भोकाच्या कडा धरून ठेवणारा पाइप) साधारण कडक दगड लागेपर्यंतच घालतात, त्याखाली उघडं भोक, त्यामुळे वरच्या मुरुमातलं घाण पाणी केसिंगच्या बाहेरून घसरत खोल थरापर्यंत जाऊ शकतं. मुलं पडतात म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सोडून दिलेल्या बोरिंग तळापासून वरपर्यंत भरायला सांगितलंय, पण माती-वाळू-दगडांनी भरलेली बोरिंग मुलासाठी सुरक्षित झाली तरी पाण्यासाठी होतेच असं नाही, वरचा भाग तरी सिमेंट किंवा बेंटोनाइट चिकणमातीने सील करायला लागतो. चालू बोरिंगचंही तसंच, केसिंग जमिनीच्या वर हातभर काढा, भोवती सिमेंटचा ओटा करा, बाहेरच्या फटीत सिमेंट ओता. आणि ड्रम, डिझेल, सेप्टिक, काहीही बोरिंगच्या जवळ नको, कारण पंप चालू झाला की आजूबाजूचं सगळं पाणी बोरिंगकडे खेचलं जातं, घाणही त्याच्याबरोबर. नमकीनवाल्याने दिवसभर पंप चालवला तर शेजारच्या प्लॉटची घाण तो स्वतःकडे ओढून घेतो, बिचाऱ्याने काही न करता.

कायद्याचं थोडक्यात. १९७४ च्या जल कायद्यात "प्रवाह" या शब्दात जमिनीखालचं पाणीही धरलंय, म्हणजे शोषखड्ड्यात विषारी काही सोडणं आणि नदीत सोडणं सारखंच. काळं ऑइल, रंगाचा गाळ, प्लेटिंगचा गाळ हे २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा, साधारण ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही आणि परवाना असलेल्याकडेच द्यायचा, सोबत मॅनिफेस्टचा कागद, म्हणजे कचरा कुणाकडून कुणाकडे गेला त्याची नोंद. कबाड्याला विकून दोन पैसे येतात खरे, पण त्याच्याकडून ते कुठे जातं हे तुम्हाला सांगता येत नाही. प्लेटिंगवाल्याने क्रोमियमचं पाणी आधी आम्ल करून मेटाबायसल्फाइटने विषारी रूपातून कमी विषारी रूपात आणायचं, मग चुना घालून गाळ बसवायचा, आणि तो गाळ इकडचा म्हणाल तर पीथमपूरच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातो. तेच पीथमपूर जिथे २०२५ च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा आला आणि केवढा गोंधळ झाला. त्या कारखान्याची गॅस सगळ्यांना आठवते, पण तिथल्या आवारात पुरलेल्या आणि तळ्यांत टाकलेल्या कचऱ्याने आजूबाजूच्या वस्त्यांचं भूजल बिघडलं ही वेगळीच कहाणी, आणि ३३७ टन उचलून नेले म्हणून खालचं पाणी काही साफ झालेलं नाही. उदयपूरजवळच्या बिछडी गावाचंही बघा, एच-अ‍ॅसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी लालसर तपकिरी करून टाकलं, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याने घाण केली त्यानेच खर्च द्यायचा, आणि २०११ मध्येसुद्धा त्या पैशांची वसुली कोर्टात चालूच होती.

आगीचं एक राहिलंच. शेडला आग लागली की बंब येतो, हजारो लिटर पाणी मारतो, आणि ते पाणी ड्रममधलं सगळं घेऊन बाहेर पळतं. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडला बासेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली तेव्हा विझवायच्या पाण्याबरोबर टनावारी कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली. तेवढं मोठं आपलं नाही, पण लेआउटच्या पावसाच्या नालीवर बाहेर पडण्याआधी एक व्हॉल्व्ह किंवा फळीचं गेट असलं आणि चौकीदाराला ते बंद करायचं माहीत असलं तर ते पाणी आवारात अडतं.

राहिलं तपासणीचं. एका बोरिंगवरून पाणी खाली कुठे वाहतंय ते कळत नाही, त्रिकोणात तीन लागतात, तिन्हींची पाण्याची पातळी मोजली की उतार कळतो, मग एक वरच्या बाजूला आणि दोन खालच्या बाजूला अशी नजर ठेवता येते. प्लॉटवाल्या डेव्हलपरने हे सगळ्यांसाठी मिळून करायला पाहिजे, एकट्या शेडवाल्याला कशाला परवडेल. पण एकट्याने करायची गोष्ट एक आहे, पहिलं मशीन बसायच्या आधी आपल्या बोरिंगचं पाणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये द्या. धातू, ऑइल आणि सॉल्व्हंट, तिन्ही लिहून द्या, नाहीतर लॅबवाला पीएच, टीडीएस, हार्डनेस करून रिपोर्ट हातात ठेवतो. सॉल्व्हंटसाठी बिसलेरीच्या बाटलीत नमुना चालत नाही, लॅबकडून काचेच्या छोट्या बाटल्या मागवा, काठोकाठ भरा, बुडबुडा राहिला तर परत भरा कारण सॉल्व्हंट त्या बुडबुड्यात उडून जातं, आणि बर्फात ठेवून लगेच पोचवा. तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. पाच वर्षांनी पाण्यात काही निघालं आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर तुम्ही आलात तेव्हा पाणी कसं होतं हे सांगणारा तेवढाच एक कागद तुमच्याकडे असेल, आणि आधीच खराब निघालं तर प्लॉटचा उरलेला हप्ता द्यायच्या आत बोलायला तरी मिळेल.